नाटक ठरवण्याआधी करार वाचा

शाळेत यंदा इंग्रजी संगीतिका करायची असं ठरलं की शिक्षकांच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो तो कोणती करायची हा. 'ॲनी', 'द साउंड ऑफ म्युझिक', 'द लायन किंग' अशी नावं निघतात आणि त्यातलं एक पक्कं होतं. प्रकाशक कोण, परवाना कोणत्या अटींवर मिळतो, हे काम मग कार्यालयातल्या कुणाकडे तरी जातं. मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये अशा संगीतिका होतात, म्हणून हा प्रश्न आता फक्त अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या शाळांचा राहिलेला नाही. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. या व्यवसायात एका देशात एका संगीतिकेच्या प्रयोगाचे हक्क साधारणपणे एकाच संस्थेकडे असतात. 'ॲनी' आणि 'द लायन किंग'ची ज्युनिअर आवृत्ती म्युझिक थिएटर इंटरनॅशनलकडे, 'द साउंड ऑफ म्युझिक' कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्सकडे, तर अमेरिकी शाळांची आवडती 'द ॲडम्स फॅमिली' थिएट्रिकल राइट्स वर्ल्डवाइडकडे. नाव ठरलं की प्रकाशक ठरला, आणि त्याच्या अटीही ठरल्या. तुलना करायची असेल तर ती नाव ठरण्यापूर्वीच करावी लागते.

तुलना कशाची करायची? बहुतेक शाळा रकमेची करतात. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे पट्टी. ब्रॉडवेवरची गाणी कसलेल्या, प्रौढ गळ्यांसाठी बांधलेली असतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज त्याच सुमारास फुटत असतो. जी मुलगी काळी चारमध्ये सहज गाते तिला अवघड पट्टीत ताणायला लावलं तर दोन महिन्यांच्या तालमीत तिचा गळा बसतो आणि गाण्याची हौसही ओसरते. म्युझिक थिएटर इंटरनॅशनल ही संस्था 1952 साली संगीतकार फ्रँक लेसर आणि वाद्यवृंद-रचनाकार डॉन वॉकर यांनी सुरू केली. शाळांसाठीची तिची 'ब्रॉडवे ज्युनिअर' ही मालिका गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातली. त्यात मूळ नाटक साधारण तासाभराचं केलेलं असतं, त्याहून लहानांसाठी अर्ध्या तासाचं. गाणी मुलांच्या पट्टीत उतरवलेली असतात, कोरसमध्ये हवी तेवढी मुलं घेता येतात, आणि साथसंगतीचे ध्वनिमुद्रित ट्रॅक संचातच येतात. ज्या शाळेत पियानो वाजवणारं कुणी नाही तिच्यासाठी हे ट्रॅक म्हणजे निम्मं काम. उलट पूर्ण लांबीच्या संगीतिकेचं साहित्य भाड्याने घ्यायची पद्धत अनेक वर्षं रूढ होती: वह्यांवर खुणा करायच्या त्या पेन्सिलीने, आणि परत पाठवण्याआधी त्या खोडायच्या. शुल्कही आसनसंख्या, तिकिटाचा दर आणि प्रयोगांची संख्या पाहून ठरतं. दोन्ही व्यवहार रास्त आहेत. पण पाचवीच्या वर्गासाठी दुसरा व्यवहार करणं म्हणजे मुलांच्या मापाचे कपडे सोडून मोठ्यांचे विकत घेणं.

दुसरी गोष्ट बदलांच्या परवानगीची, आणि शाळांचं नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या नाटकात दिग्दर्शकाने एखादा प्रवेश गाळणं, दोन मुलांना वाव मिळावा म्हणून एका पात्राची दोन पात्रं करणं, मध्येच एखादं मराठी गाणं घालणं हे सहज चालतं. परवान्याच्या करारात यातलं काहीही लेखी परवानगीशिवाय चालत नाही. 2014 साली ह्यूस्टनमधल्या एका व्यावसायिक नाट्यसंस्थेने 'हँड्स ऑन अ हार्डबॉडी' या संगीतिकेतल्या गाण्यांचा क्रम परस्पर बदलला, आणि हक्क सांभाळणाऱ्या सॅम्युअल फ्रेंच या संस्थेने परवाना मागे घेऊन तिचा अखेरचा प्रयोग थांबवला. अनुभवी मंडळींची ही गत, तर शाळेने काय समजावं? पात्रयोजनेवरही अटी येऊ शकतात. 'हेअरस्प्रे' ही संगीतिका 1962 सालच्या बाल्टिमोरमधल्या वर्णभेदाबद्दल आहे. आधी तिच्या कर्त्यांनी शाळांना कोणत्याही वर्णाची मुलं घेण्याची मोकळीक दिली होती. 2020 मध्ये त्यांनी ती काढून घेतली आणि पात्रं लिहिली आहेत त्याच वंशाचे कलाकार हवेत अशी अट नव्या परवान्यांना घातली. त्या निर्णयाशी मी सहमत आहे, पण ज्या शाळेत तशी मुलं नाहीत तिने हे नाटक निवडूच नये, आणि ते तिला भूमिका वाटून झाल्यावर नव्हे, आधी कळायला हवं.

प्रकाशकाचा स्वतःचा हक्क किती पक्का आहे, हेही पाहावं लागतं. 2019 साली अमेरिकेत अनेक लहान नाट्यसंस्थांनी 'टू किल अ मॉकिंगबर्ड'चं ख्रिस्तोफर सर्गेल यांनी केलेलं जुनं रूपांतर ड्रॅमॅटिक पब्लिशिंग या संस्थेकडून रीतसर परवाना घेऊन बसवलं होतं. ब्रॉडवेवरच्या नव्या रूपांतराच्या निर्मात्याने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि त्यांना तालमी सोडून द्याव्या लागल्या. ते संगीतिकेचं प्रकरण नव्हतं, आणि त्या नाट्यसंस्थांची काही चूकही नव्हती. वाद दोन हक्कदारांचा होता, त्यात प्रयोग मात्र बुडाले ते पैसे भरलेल्यांचे. म्हणून मूळ कादंबरी किंवा चित्रपट दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर प्रकाशकाला लेखी विचारावं: या देशासाठी, या तारखांना, आमच्यासारख्या शाळेसाठी हा हक्क तुमच्याकडे आहे का, आणि परवाना मागे घेतलात तर आमच्या पैशाचं काय?

यावर भारतातला शिक्षक म्हणेल की आम्हाला परवाना लागतोच कुठे? हा आक्षेप वजनदार आहे. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगाला सूट आहे. अट अशी की प्रेक्षक म्हणजे शाळेतले कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढेच असावेत. ही सूट खरोखर उदार आहे. ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यात अशीच सवलत आहे, पण निव्वळ पालक असल्यामुळे कुणी शाळेच्या कामकाजाशी संबंधित ठरत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. अमेरिकेत विनामूल्य प्रयोगांना मिळणारी सूट नाटकांना आणि संगीतिकांना लागूच होत नाही. आपल्याकडे आई-बाबांना खुर्चीत बसवता येतं, ही कायदा करणाऱ्यांची समजूतदार दृष्टी म्हणायला हवी. मात्र ती सूट प्रयोगापुरतीच आहे. नाट्यगृह घेऊन गावाला तिकिटं विकली, की ती संपते. प्रयोगाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकणं किंवा संहितेचं मराठी रूपांतर करणं तिच्यात बसत नाही. आणि कोणताही कायदा स्वरलिपी, साथीचे ट्रॅक किंवा मुलांच्या पट्टीत बसवलेली गाणी हातात आणून देत नाही. इंटरनेटवरून उतरवलेली कुणाची तरी अर्धवट संहिता आणि कराओकेचे तुकडे जोडून बसवलेलं नाटक मुलांच्या कष्टांना न्याय देत नाही, हे कोणत्याही प्रेक्षकाला ऐकू येतं.

दुसरा आक्षेप मुलांच्या उत्साहाचा. नाव ओळखीचं असलं की मुलं झटून येतात, पालक येतात, हे खरं आहे. पण अमेरिकेतल्या पायोनियर ड्रामा सर्व्हिससारख्या लहान संस्था शाळांच्या आणि हौशी मंडळांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून नाटकं काढतात. तिथे नाव अनोळखी असतं, पण भूमिका पुष्कळ असतात. संहिता आधी वाचायला मागवता येते, आणि ती न वाचता कोणत्याही मोठ्या नावासाठी पैसे भरू नयेत. पहिल्या तालमीला मुलांना उत्साह देतं ते नाव. पंधराव्या तालमीला त्यांना टिकवून धरते ती आपल्या वाट्याला आलेली ओळ, आणि एका प्रमुख भूमिकेमागे चाळीस मुलं झाडं होऊन उभी करणाऱ्या नाटकात अशी ओळ फारच थोड्यांच्या वाट्याला येते.

मराठीत हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. आपल्या नाटकांच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानावर प्रयोगासाठी लेखकाची किंवा वारसांची परवानगी घ्यावी अशी सूचना असते. प्रकाशक पुस्तक विकतो, प्रयोगाचे हक्क घरच्यांकडे राहतात, आणि चाली, ठेके, साथ कुणी द्यायची हे कुठेच लिहिलेलं नसतं. कॉपीराइटची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. त्यामुळे देवलांचं 1899 चं 'शारदा' कुणीही करू शकतं. ते गेले 1916 साली. रत्नाकर मतकरी 2020 साली गेले, त्यांच्या बालनाट्यांचे हक्क 2080 अखेरपर्यंत राहतील. या दोन टोकांच्या मधल्या नाटकांसाठी एखाद्या मराठी प्रकाशकाने वारसांशी करार करून संहिता, स्वरलिपी, मुलांच्या पट्टीतले ट्रॅक आणि परवाना एकाच संचात, परवडेल अशा ठरीव रकमेत द्यायला हवा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. गावोगावच्या शाळांतल्या संगीतशिक्षकांना विचारून पहिली दहा नाटकं निवडली, तरी सुरुवात होईल.