कडेवरचे नाव

दिवाळी जवळ आली की घरोघरचे माळे रिकामे होतात. वर्षभर हात न लागलेली भांडी, गळकी घागर, कुलुपे हरवलेल्या किल्ल्या, आज्याची गंजकी ट्रंक, सारे अंगणात येते आणि मोड घेणारा तराजू घेऊन दारात बसतो. घर स्वच्छ होते, हे चांगलेच आहे. लक्ष्मीला अडगळ खपत नाही, असे आपल्या आया-आज्या सांगत आल्या आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी छाती नाही. माझा वाद त्या ट्रंकेच्या तळाशी, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या एका वस्तूपुरता आहे. ती मोडीत घालणाऱ्याशी तो थोडा आहे. मोडीतून ती उचलून काचेच्या कपाटात मांडणाऱ्या शौकिनाशी मात्र पुष्कळ आहे.

ही वस्तू म्हणजे पहिल्या जर्मन लढाईचे पदक. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, नगर या भागांतली किती तरी माणसे 1914 ते 1918 च्या लढाईत पलटणीतून समुद्रापार गेली. लढाई संपल्यावर सरकारने त्यांना पदके वाटली. एक चांदीचे, दीड इंचाहून किंचित लहान, अडीच तोळ्यांच्या वर भरणारे. त्याच्या एका बाजूला पंचम जॉर्जचे तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडाबोडका स्वार. दुसरे ब्राँझचे, त्यावर पंखवाली विजयदेवता. 1915 साल संपण्याच्या आत जो रणभूमीवर पोचला होता, त्याला या दोहोंच्या जोडीला ब्राँझचा एक तारा. लढाईत जो मेला, त्याच्या घरी वीतभराहून लहान अशी एक ब्राँझची तबकडी गेली. तिच्यावर मृताचे नाव होते, हुद्दा मुद्दाम घातला नव्हता; मरणात सारे सारखे, असा त्यातला भाव. विलायतेतल्या गोरगरिबांनी तिला ‘मेलेल्या माणसाचा पैसा’ असे नाव ठेवले. गोरगरीब कुठलेही असोत, सरकारी देणगीला अचूक नाव ठेवतात.

या पदकांची खरी खूण दर्शनी बाजूला नाही. ती कडेवर आहे. नाण्याला जिथे दाते असतात, तिथे या पदकांच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ताऱ्यावर ती पाठीमागे असते. राजाचे तोंड लाखो पदकांवर एकसारखेच आहे. कडेवरचे नाव मात्र त्या एकाच पदकावर आहे.

आणि हे नाव ज्याचे होते, त्याला बहुधा ते वाचता येत नव्हते. स्वतःच्या छातीवर स्वतःचे नाव लटकवून तो गावात आला. ते काय अक्षर आहे, हे सांगायला त्याला तलाठ्याकडे नाही तर मास्तराकडे जावे लागले असेल. आज त्याच्या घरात इंग्रजी वाचणारी चार पोरे आहेत. आज्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्याने पदक जपले. नातवाला वाचता येते, म्हणून तो वाचत नाही! त्याला दिसते ती चांदी.

चांदीने या पदकांचा घात केला आहे. तिघांच्या संचातले चांदीचे तेवढे गेलेले आणि ब्राँझची दोन मागे उरलेली, अशी घरे मी पाहिली आहेत. हा घात केवळ आपल्याच आळीत झाला असेही नाही. 1980 च्या जानेवारीत जगभर चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात जाऊन पोचली, तेव्हा प्रत्यक्ष विलायतेत या पदकांचे ढीग मुशीत गेले. कारण पदक म्हणून येणाऱ्या पैशापेक्षा चांदी म्हणून येणारा पैसा जास्त होता. तेव्हा मोडीत घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला मी नावे ठेवणार नाही. दुष्काळात पोराच्या तोंडात घास घालण्यासाठी ज्याने बापाचे पदक सोनाराकडे नेले, त्याने बापाला शोभेसेच केले. पोट भरायलाच बाप पलटणीत गेला होता.

पण ज्याचे पोट भरलेले आहे आणि ज्याला हौसच तेवढी आहे, त्याचे काय?

अशा एका हौशी गृहस्थाच्या दिवाणखान्यात मला एकदा मोठ्या अगत्याने नेण्यात आले. भिंतभर मखमल आणि मखमलीवर पदके. पगडीवरचे पलटणींचे बिल्ले, पितळी बटणे, पट्ट्यांची बक्कले, खांद्यावरची अक्षरे. सारे असे लखलखत होते की डोळे दिपावेत. एका पदकाकडे बोट दाखवून मी विचारले, “हे कोणाचे?” गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, हे ब्राँझचं आहे. चांदीची चिकार मिळतात, ब्राँझचं दुर्मीळ.” मी पुन्हा विचारले, “नाव काय त्याचे?” ते हसले. “नाव कशाला हवं? असेल कोणी हमाल. आणि आता ते दिसायचं नाही, मी मागून चिकटवून टाकलंय.”

त्यांचे पहिले वाक्य अगदी खरे होते, म्हणूनच तिसरे मला लागले. लढाईचे ते पदक चांदीत सुमारे पासष्ट लाख निघाले आणि ब्राँझमध्ये एक लाखाच्या आसपास. ब्राँझचे कोणाला? बहुतांशी चिनी, माल्टी आणि हिंदी मजूर पथकांतल्या माणसांना. गोळा डोक्यावर पडायचा तो मजूर आणि शिपाई असा भेद करून पडत नसे. भेद केला तो पदक ओतणाराने. ज्याला तेव्हा चांदीला लायक समजले नाही, त्याचेच पदक आज बाजारात चढ्या भावाने जाते, आणि ते विकत घेणारा त्याचे नाव डिंकाखाली दडपतो. सरकारने एकदा केला तोच अपमान आता रोख पैसे मोजून दुसऱ्यांदा केला जातो.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, एका नावाचे एवढे काय मास्तर? नाव सरकारदप्तरी असेलच की! म्हणून आता जरा दूर, इराकात चला.

1914 च्या अखेरीस पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली. तीत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या; 1922 नंतर त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत मोडू लागल्या. ही डिव्हिजन बगदादच्या वाटेवर अडली, मागे फिरून कुत या गावी कोंडली गेली, घोडी कापून खाण्याची पाळी आली आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिने शस्त्रे खाली ठेवली. पुढे वाळवंटातून चालवत नेलेल्या कैद्यांपैकी किती तरी परत आले नाहीत. त्या मोहिमेत मेलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी 1929 साली बसऱ्याला भव्य स्मारक झाले. त्यावर गोऱ्यांची नावे कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली आहेत. साध्या हिंदी शिपायाचे मात्र नाव नाही. अमक्या पलटणीचे इतके, अशी संख्या आहे. ही तक्रार माझ्या कल्पनेतली नव्हे. ही स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने 2021 साली आपला चौकशी-अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी आणि आफ्रिकी अशा निदान 45,000 ते 54,000 मृतांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही, हे त्यात मान्य केले आणि माफी मागितली.

आता विचार करा. बसऱ्याच्या दगडावर ज्याचे नाव नाही, त्याचे नाव कुठल्याही टिकाऊ वस्तूवर ठोकलेले असेल तर ते फक्त घरी आलेल्या त्या पदकांवर आणि तबकडीवर. दुसरे कुठे नाही. ते पदक मुशीत गेले की त्याचे नाव जाते. ते डिंकाखाली गेले की तसेच जाते. फरक एवढाच की मुशीत घालणारा आपल्याला रसिक म्हणवून घेत नाही.

दुसरीकडून आवाज येईल, आणि तो जास्त तिखट असेल: “ही पदके कसली कौतुकाची? गुलामगिरीची बिरुदे ती! गोऱ्यांसाठी लढले, गोऱ्यांनी तुकडा फेकला. वितळली तर बरेच झाले.” या आवाजाचा राग मला समजतो. पण राग आला म्हणून पुरावा जाळायचा काय? कोरेगावच्या लढाईचेच पाहा. लढाई झाली 1 जानेवारी 1818 ला. तिच्या नावाची पट्टी असलेले पदक कंपनी सरकारने मंजूर केले 1851 साली; म्हणजे तेहतीस वर्षांनी जे जिवंत होते त्यांच्यासाठी. त्या लढाईवरून महाराष्ट्रात आजही केवढा वाद होतो, हे सांगायला नको. कोणाला तिचा अभिमान वाटतो, कोणाला तिचा राग येतो. अभिमान वाटणाऱ्याला कोण लढला ते ठाऊक असले पाहिजे आणि राग येणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे. पदकाची कड दोघांनाही उत्तर देते. जो शिपाई महिना काही रुपयांसाठी बसऱ्याला गेला, तो गुलाम होता, शूर होता, की नुसता भुकेला होता, हे नातवंडांनी भांडून ठरवावे. भांडायला आधी माणूस हवा. माणूसच पुसून टाकला तर भांडण कोणाविषयी?

मोठ्या पदकांची नावे राहतात. कुलाबा जिल्ह्यातले यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि 2023 साली इटलीतल्या मोंतोने गावानेही त्यांच्या नावे स्मारक उभारले. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांचा पराक्रम 1945 चा. यांना संग्राहकाची गरज नाही. गरज आहे ती ज्याने काही विशेष केले नाही, नुसता गेला, भिजला, तापला आणि आला किंवा आला नाही, त्याला.

आगगाडीच्या जुन्या सामानाचीही तीच कथा. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिची तीन इंजिने. इंजिनांची नावे शाळेतल्या पोरांना तोंडपाठ आहेत. पुढे बोरघाट फोडून 1863 साली रूळ वर चढवले. त्या खडकात हजारो मजूर दगावले, त्यांतले एक नाव कोणी सांगावे! आता शहरांतल्या खाणावळी स्टेशनचे कंदील, जी.आय.पी. अक्षरांची बटणे, जाड पुठ्ठ्याची तिकिटे भिंतीवर टांगतात आणि त्याखाली चहाला दामदुप्पट भाव लावतात. त्यातच हमालाचा पितळी बिल्ला असतो. त्यावर नाव नसतेच, नुसता आकडा. बापाचा बिल्ला मुलाच्या दंडावर जायचा. तो आकडा म्हणजे त्या घराची जमीन होती. तो आज शोभेचा दागिना झाला. शिवाय या शौकाला चोरीची बाधा असते: रेल्वेचा माल विनाहक्क बाळगणे हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि शंभर वर्षांपलीकडच्या ऐतिहासिक वस्तू परदेशी नेण्यावर 1972 च्या कायद्याने बंदी आहे. मखमल अंथरताना हे दोन कायदे फारसे कोणाला आठवत नाहीत.

संग्राहकांचे एक म्हणणे मात्र मी मान्य करतो. ते म्हणतात, “आम्ही उचलले नसते तर सोनाराने वितळवले असते.” खरे आहे. आणि त्यांच्यात असेही लोक आहेत, जे एका शिपायाची फाटाफूट झालेली तीन पदके तीन गावांतून शोधून पुन्हा एका जागी आणतात. अशांच्या पायांची धूळ मी कपाळी लावीन. पंजाबातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास सैनिकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. ध्यास घेतलेल्या मंडळींनी 2021 पासून त्या लोकांना पाहायला खुल्या केल्या. संग्रह म्हणतात तो याला! बाकी जे चालते ते साठा. साठा धान्याचा करतात, माणसांचा करू नये.

मी मॅट्रिकपुरता शिकलेला माणूस. संशोधन माझ्या आवाक्यातले नाही. पण वर्गात एकदा मी मुलांना सांगितले, घरात जुने पदक असेल तर विचारून आणा. एका मुलाने चांदीचे आणले. भिंगाखाली धरून त्याने कडेवरचे एकेक अक्षर लावले आणि एकदम गप्प झाला. ते त्याच्या खापरपणजोबांचे नाव होते. घरात त्यांना ‘लढाईवाला म्हातारा’ एवढेच म्हणत. मुलाला त्या दिवशी माणूस सापडला. तास बुडाला, अभ्यासक्रमाचे काही बिघडले नाही.

म्हणून घरातल्या मंडळींना माझे सांगणे सोपे आहे. ट्रंक उघडाल तेव्हा पदकाची कड वाचा. क्रमांक, नाव, पलटण वहीत उतरवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचे गाव, त्याची गोष्ट विचारून खाली लिहा. चिंच-राखेने घासू नका, अक्षरे झिजतात. तिन्ही असतील तर तिन्ही एकत्र ठेवा. विकायचेच झाले तर विका, पण वही विकू नका, आणि तिची नक्कल पदकाबरोबर द्या.

आणि संग्राहकांनो, तुम्हांला माझी विनंती नाही, मागणी आहे. ज्याचे नाव तुम्ही वाचले नाही, त्याचे पदक तुमचे नाही. पैसे मोजले असले तरी नाही. मखमलीवरून ते उपटा, डिंक खरवडा, प्रत्येकाखाली नाव आणि गाव लिहा. गाव सापडले तर त्या गावाला एक पत्र टाका. आईने पोराला कडेवर घेतले होते, सरकारने त्याचे नाव कडेवर ठोकले. दोहोंनी आपापल्या परीने त्याला धरून ठेवले. त्याला खाली टाकण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?