इंग्रजी न कळणं हा प्रतिकार नव्हे

वेस्ट विंडसरमध्ये राबणाऱ्या आपल्या माणसांत एक समज पक्का बसलाय. पोलिसाच्या कमरेला पेपर स्प्रे आहे, म्हणजे तो कधीही, कुणाच्याही डोळ्यांत मारू शकतो. साफ चूक!

न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलने डिसेंबर २०२० मध्ये बळाच्या वापराचं नवं धोरण काढलं. ३१ डिसेंबर २०२१ पासून ते राज्यभरातल्या पोलिसांना लागू आहे, वेस्ट विंडसरच्याही. त्यात स्प्रे लाठीच्या रांगेत बसवलाय. समोरचा अंगावर येत असेल किंवा अटक टाळायला झटापट करत असेल, तेव्हाचं ते हत्यार आहे. शक्य असेल तर आधी इशारा द्यायचा. शिक्षा म्हणून किंवा सूड म्हणून मारायचा नाही. नंतर वैद्यकीय मदत द्यायची, वापराची नोंद करायची. सोबतचा पोलीस अति करतोय असं दिसलं, तर दुसऱ्याने त्याला अडवायचं.

आणि आपल्या कामाचा मुद्दा हा: माणूस हुकूम पाळत नाही तो भाषा कळत नाही म्हणून तर नाही ना, याचा विचार करायला हेच धोरण पोलिसाला सांगतं. गोंधळून उभा राहिलेला मजूर म्हणजे हल्लेखोर नव्हे.

कुणी म्हणेल, कागदावर सगळंच असतं. मग वुडलिन बघा. याच राज्यातलं छोटं गाव. जून २०२० मध्ये तिथल्या पोलिसाने कारण नसताना दोन तरुणांवर स्प्रे मारला. व्हिडिओ समोर आला आणि आठवड्याभरात त्या पोलिसावरच मारहाणीचा गुन्हा लागला. पुरावा होता म्हणून कागद हलला. आपण पुरावाच ठेवत नाही, तक्रारही करत नाही, आणि वर म्हणतो कायदा गरिबाचा नाही.

"गप्प बस, व्हिसा जाईल," असं सांगणाऱ्या मुकादमाला विचारा, यात फायदा कुणाचा? पोलिसांच्या अंतर्गत चौकशी विभागाला कुणाचीही तक्रार घ्यावी लागते, निनावीसुद्धा.

जागेवर भांडू नका, पळू नका, हात दिसतील असे ठेवा. भांडण नंतर, कागदावर. तारीख, वेळ, बिल्ला क्रमांक लिहा, डोळ्यांचे फोटो काढा, डॉक्टरचा कागद घ्या, वकिलाला अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागायला सांगा. भरपाई हवी असेल तर राज्याच्या कायद्याप्रमाणे नोटीस ९० दिवसांत द्यावी लागते. घाबरण्यात ते दिवस घालवू नका.