भूत कोणाच्या घरचे?

मागच्या सत्रात एका मोकळ्या तासाला आमच्या वर्गात वाद रंगला होता. जुन्या गाजलेल्या भयपटावरून पुन्हा नवा चित्रपट काढावा की काढू नये, असा विषय होता. एका मित्राने चार शब्दांत निकाल देऊन टाकला, "शिळ्या कढीला ऊत, झालं!" सगळे हसले. मीही हसलो. पण संध्याकाळी पूर्व भागातल्या गल्लीतून मागांची खटखट ऐकत घरी जाताना तो निकाल मला पटेना.

माझे वडील यंत्रमागावर काम करतात. चादरीची तीच नक्षी ते कित्येक वर्षे विणत आले आहेत. ती नक्षी त्यांनी काढलेली नाही, त्यांच्या मालकानेही काढलेली नाही. तरी त्या चादरीला कोणी शिळी म्हणत नाही. घेणारा माणूस ती उलटीपालटी करतो, सूत कसे आहे ते बोटांनी चाचपतो, रंग जाईल का विचारतो. नक्षी जुनी आहे म्हणून दुकानातून परत फिरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. कीर्तनकार तेच आख्यान वर्षानुवर्षे लावतात आणि ऐकणारे तरीही मांडी घालून बसतात. राजा परांजपे यांच्या १९६४ सालच्या 'पाठलाग'वरून राज खोसला यांनी १९६६ साली 'मेरा साया' काढला, तेव्हाही काही आभाळ कोसळले नाही. तेव्हा जुनी गोष्ट पुन्हा सांगावी का, हा प्रश्नच माझ्या मते चुकीचा आहे. सांगताना सूत कोणते वापरले, हे विचारले पाहिजे.

झपाटलेल्या घराच्या चित्रपटाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. अशा चित्रपटात घर म्हणजे नुसता देखावा नसतो. त्या घरात पूर्वी कोणी तरी कोणावर तरी अन्याय केलेला असतो आणि घरच्या मंडळींनी तो दडपून टाकलेला असतो. माणसे गप्प बसतात म्हणून भिंती बोलू लागतात. भूत म्हणजे दुसरे काय? न बोललेली गोष्ट. म्हणून तोच वाडा दुसऱ्या भाषेत नव्याने उभा करणाऱ्याला मी दोन प्रश्न विचारीन. एक, या घरात अन्याय कोणी केला? आणि दुसरा, प्रेक्षकाने भ्यायचे कोणाला?

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्या शेजारच्या भाषांमधले आहे. १९९३ साली फाजिल यांनी मल्याळम भाषेत 'मणिचित्रताळ' काढला. नावाचा अर्थच नक्षीदार कुलूप असा आहे. जुने घराणे, त्यातली कुलूप घातलेली खोली आणि त्या खोलीतल्या नर्तकीने पछाडलेली, म्हणजे खरे तर मनाने आजारी झालेली नायिका. या भूमिकेसाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे याच कथेवर पी. वासू यांनी २००४ साली कन्नडमध्ये 'आप्तमित्र' आणि २००५ साली तमिळमध्ये 'चंद्रमुखी' काढला. २००७ साली प्रियदर्शन यांनी हिंदीत 'भूल भुलैया' आणला, तो तर आपण सर्वांनीच पाहिला आहे.

यातली एक गंमत मला अक्कलकोट तालुक्यातल्या माझ्या वर्गमित्राने दाखवून दिली. त्याच्या घरी कानडी बोलतात, आमच्या घरी तेलुगू. तो म्हणाला, "आमच्या 'आप्तमित्र'मधलं भूत तुमच्या भाषेत बोलतं!" मी म्हटले, असेल. मग हिशेब मांडून पाहिला. मल्याळम चित्रपटातली नर्तकी तमिळ बोलते. कन्नड चित्रपटातली तेलुगू बोलते. तमिळ चित्रपटातलीही तेलुगूच. हिंदी चित्रपटातली मंजुलिका बंगाली. म्हणजे घर आपले, पण भूत मात्र नेहमी शेजारच्या भाषेचे!

त्या दिवशी आम्ही दोघे पोट धरून हसलो. पण माझी आई ज्या भाषेत मला जेवायला हाक मारते, ती भाषा पडद्यावर आली की प्रेक्षक दचकतो, हे नंतर मनाला लागून राहिले. आणि मग लक्षात आले की, या सर्व चित्रपटांत त्या नर्तकीने कोणाचे काही वाईट केलेले नाही. तिला दुरून आणणारा त्या घराचा धनी आहे. तिला तिच्या माणसापासून तोडणारा तोच आहे, आणि त्यातच तिचा अंत झाला आहे. अन्याय घरधन्याचा आणि भ्यायचे मात्र तिला! प्रत्येक भाषेतल्या दिग्दर्शकाने वाडा बदलला, नृत्य बदलले, विनोद बदलले. पण भीतीचा पत्ता कोणी बदलला नाही. चित्रपट म्हणून ते मला आवडतात, हे कबूल करतो. तरीही पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हाती असताना दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली, असे मला वाटते.

परदेशातही हाच घोटाळा झालेला आहे. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या कादंबरीवरून रॉबर्ट वाइज यांनी १९६३ साली 'द हॉन्टिंग' हा कृष्णधवल चित्रपट काढला. त्यात भूत म्हणून काहीच दिसत नाही. दारावर धक्के ऐकू येतात, दार आतल्या बाजूला फुगते, एवढेच. तरी रात्री दिवा घालवायचा धीर होत नाही. १९९९ साली त्याच कादंबरीवर नवा चित्रपट निघाला. त्यात वाड्याचा मूळ मालक कापडगिरण्यांचा धनी केला आहे आणि गिरणीत राबणाऱ्या लहान मुलांचा त्याने बळी घेतला असे दाखवले आहे. १८७७ साली निघालेल्या जुन्या गिरणीच्या गावात वाढलेल्या माझ्यासारख्याला ही कल्पना ऐकूनच काटा आला. खरोखर, केवढे मोठे भूत त्यांच्या हाती लागले होते! पण पुढे काय, तर कोरीव मूर्ती हलताहेत, पलंग चालून येतो आहे, सारे घर संगणकाच्या जोरावर नाचते आहे. या गोंधळात ती गिरणीतली पोरे हरवूनच गेली. सूत चांगले होते, विणकर घाईत होता.

आता आपल्या घरी येऊ. १४ जुलै २०१७ रोजी विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' प्रदर्शित झाला. अलीकडच्या मराठी भयपटांत मी त्याला पहिली जागा देईन. कर्जापायी जीव वाचवून पळालेले एक शहरी जोडपे उसाच्या फडात दडलेल्या एका घरी आसऱ्याला येते. बायको दिवसांत गेलेली आहे. ही भूमिका पूजा सावंत यांची. घरची बाई तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. ती इतकी प्रेमळ आहे की तिच्या प्रेमाचीच भीती वाटावी. उसात लहान मुले लपाछपी खेळत असतात. शेवट मी सांगणार नाही. एवढेच सांगतो की, पोटातल्या मुलींचे काय झाले, हा त्या घराचा प्रश्न आहे; आणि चित्रपट संपताना आपण मेलेल्यांना भीत नाही, जिवंतांना भितो. माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथे सरळ मिळतात. अन्याय घरच्यांनीच केला आणि भ्यायचेही घरच्यांनाच. वाडा नाही, राजा नाही, परक्या भाषेतली नर्तकी नाही. आपल्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात एस.टी.च्या खिडकीतून दिसतो तसला ऊस, आणि "बाळा, जेव" म्हणणारी म्हातारी.

याच दिग्दर्शकाने हीच गोष्ट २०२१ साली हिंदीत 'छोरी' या नावाने पुन्हा केली. नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ त्यात आहेत. चित्रपट प्राइम व्हिडिओवर आला आणि २०२५ साली त्याचा दुसरा भागही निघाला. ऊस तोच, घर तसेच, पण बोली उत्तरेकडच्या खेड्यांतली झाली. कारागिरीत मला फारसे उणे दिसले नाही. मीता वशिष्ठ यांच्या नुसत्या डोळ्यांनी अंगावर शहारा येतो. शिवाय २०११ च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३४ मुली होत्या. तेव्हा तिकडे हे भूत उपरे आहे असे कोण म्हणेल?

मग माझी तक्रार काय? तक्रार चित्रपटाविषयी नाही, ती आपल्याविषयी आहे. ती सांगण्यासाठी मला थोडे घरचे बोलावे लागेल.

आमच्या घरी 'छोरी' आधी पाहिला गेला. मामेभावाच्या मोबाइलवर, सुट्टीच्या दिवशी. आई, दोन्ही बहिणी आणि शेजारच्या दोघी जणी विड्यांची सुपे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भीती वाटली, किंकाळ्याही झाल्या. संपल्यावर शेजारची एक म्हणाली, "तिकडं उत्तरेत असलंच चालतं बाई!" सर्वांनी माना हलवल्या आणि पुन्हा पाने कातरायला घेतली. भूत तिकडचे ठरले. आमचे घर मोकळे झाले.

काही दिवसांनी मी 'लपाछपी' लावला. गोष्ट ठाऊक होती, त्यामुळे फार कोणी दचकले नाही. पण अर्ध्यावर आई उठली. म्हणाली, "विड्या मोजायच्या राहिल्यात." वास्तविक विड्या दुपारीच मोजून, कट्टे बांधून टोपलीत ठेवल्या होत्या. ती आतल्या खोलीत गेली आणि दिवा न लावता बसून राहिली.

माझी थोरली अक्का सातवीतून शाळा सोडून विड्या वळू लागली. धाकटी बहीण आठवीतून. मी घरातला पहिला कॉलेजात जाणारा. धाकट्या बहिणीत आणि माझ्यात सहा वर्षांचे अंतर आहे. त्या सहा वर्षांविषयी आमच्या घरी कोणी बोलत नाही. त्या संध्याकाळपर्यंत मीही त्याचा कधी विचार केला नव्हता. आईला मी काही विचारले नाही. विचारण्याचा मला काय अधिकार? जे काही झाले असेल, ते माझी वाट पाहताना झाले असेल.

हिंदी चित्रपटातून आई सुटली. मराठीतून सुटली नाही. मराठी ही काही तिची मायबोली नाही. पण बाजारात, विडी कारखान्यात, दवाखान्यात तिच्याशी जे बोलले गेले ते मराठीत बोलले गेले. तुळसाबाई ज्या भाषेत सुनेची समजूत घालते, त्याच भाषेत कोणी तरी कधी तरी तिचीही समजूत घातली असेल.

आणि "तिकडे चालते" असे म्हणून मान हलवायला आपल्याला जागा तरी कुठे आहे? गर्भलिंग परीक्षणाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केला तो महाराष्ट्राने. देशाचा कायदा १९९४ साली झाला. तरी आपल्या राज्यात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती ती २०११ साली ८९४ वर आली. बीड जिल्ह्यात तर ती ८०७ होती, म्हणजे हरियाणापेक्षाही कमी. त्याच २०११ साली साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावे द्यावी लागली. इतक्या मुलींना हाक मारतानाच "तू नको होतीस" असे रोज सांगितले जात होते. याहून मोठा भयपट कोणी काढावा!

माझा मित्र यावर म्हणेल, "म्हणजे गोष्टी ज्या त्या भाषेतच ठेवायच्या? हिंदीत गेल्याशिवाय लाखो लोकांपर्यंत पोचणार कशा?" त्याचे म्हणणे खोटे नाही. 'छोरी' निघाला हे चांगलेच झाले. हरियाणातल्या, उत्तर प्रदेशातल्या एखाद्या घरी एखादी आई अशीच अर्ध्यावरून उठून गेली असेल, तर त्या चित्रपटाने आपले काम केले. माझे म्हणणे एवढेच आहे की, नक्कल करताना घर हलवले तरी दोष हलवू नये. ज्या गावात गोष्ट नेली, त्या गावच्या माणसाला "हे माझ्या घरचे आहे" असे वाटले पाहिजे. आणि ज्या गावातून ती नेली, त्या गावाने "आता ती त्यांची झाली" असे म्हणून हात झटकू नयेत.

उद्या कोणी सोलापुरात झपाटलेल्या घराचा चित्रपट पुन्हा काढायचे म्हटले, तर त्याने वाडा शोधत फिरू नये. दोन खोल्यांचे घर पुरे. बाहेरच्या खोलीत माग, आतल्या खोलीत चूल, कोपऱ्यात विड्यांची टोपली. कुलूप घातलेली खोली आमच्याकडे परवडत नाही. पण कुलूप घातलेली वर्षे असतात. दिग्दर्शकाने दार करकरण्याचा आवाज घालू नये. मागाची खटखट चालू ठेवावी आणि मध्येच ती बंद करावी. आमच्या भागात माग अचानक थांबला की लहान मूलसुद्धा झोपेतून जागे होते.

तेव्हा मित्रा, कढी शिळी आहे म्हणून तू ती फेकू नकोस. ती कोणाच्या चुलीवरची आहे, एवढे पाहा. माझ्यापुरते म्हणशील तर मी एवढेच ठरवले आहे: अक्काच्या मुलीला यंदा पाचवीत घातले आहे, आणि सातवीनंतर तिच्या मांडीवर सूप येणार नाही, हे पाहण्याचे काम माझे.

— द्वितीय वर्ष, कला