पोळा पाच वर्षांनी एकदा



दिल्लीला आपला माणूस पाठवा, असे प्रत्येक निवडणुकीत आपल्याला सांगतात. आपण पाठवतो. दोन हंगाम गेले की कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, माणूसच बरोबर निघाला नाही, पुढच्या वेळी दुसरा पाहू. माणूस बदलून कापसाचा भाव बदलतो का? वर्धा लोकसभा मतदारसंघाने हा प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिला आहे. त्याची वही एकदा उघडून बघू.

१९५२ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा वर्धा मध्यप्रदेश राज्यात होता. श्रीमन्नारायण अग्रवाल निवडून आले. मग १९५७, १९६२, १९६७ अशा तीन खेपा कमलनयन बजाज. १९७१ ला जगजीवनराव कदम, १९७७ ला संतोषराव गोडे, आणि १९८०, १९८४, १९८९ ला वसंतराव साठे. माणसे बदलली, पक्ष एकच, काँग्रेस. १९७७ साली उत्तरेत काँग्रेसची धूळधाण झाली, वर्धा हलला नाही. १९८९ ला दिल्लीचे सरकार गेले, तरी वर्धा हलला नाही. दावणीचा बैल कुठे जात नाही हे धन्याला ठाऊक असते. त्याला पुरणपोळी मिळते ती पोळ्याला, बाकी वर्षभर जू.

१९९१ साली वर्ध्याने दावे तोडले. केंद्रात मंत्री राहिलेल्या साठ्यांना पाडून मार्क्सवादी पक्षाचे रामचंद्र घंगारे दिल्लीला गेले. त्यानंतर पाहा : १९९६ ला भाजपचे विजय मुडे, १९९८ ला काँग्रेसचे दत्ता मेघे, १९९९ ला काँग्रेसच्याच प्रभा राव, २००४ ला भाजपचे सुरेश वाघमारे, २००९ ला पुन्हा मेघे. सहा निवडणुका, आणि एकही खासदार लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आला नाही! पुढे भाजपचे रामदास तडस २०१४ आणि २०१९ असे दोनदा आले. २०२४ ला त्यांना ८१ हजारांवर मतांनी पाडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे अमर काळे गेले. लाल बावटा झाला, कमळ झाले, पंजा झाला, तुतारी झाली. वर्ध्याच्या मतदाराला कोणी बांधील म्हणू नये.

आता याच वहीच्या दुसऱ्या पानावर कापसाचा हिशेब मांडू. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २००७ च्या हंगामात क्विंटलला २०३० रुपये होता. २००८ ला तो एका उडीत ३००० झाला. का? २००९ ची निवडणूक दारात होती. मते पडली, मेघे निवडून गेले, दिल्लीत त्यांच्याच पक्षाचे सरकार आले. मग २००९ ला भाव किती? ३०००. २०१० ला? ३०००. खत वाढले, मजुरी वाढली, वेचाईचा दर वाढला, हमीभाव जागचा हलला नाही.

सरकार बदलले म्हणून रीत बदलली असे समजू नका. २०१४ ला हमीभाव ४०५० होता, २०१७ ला ४३२०. तीन वर्षांत वाढ २७० रुपये. २०१८ ला मात्र एकदम ५४५०, एका वर्षात ११३० रुपये! संकरित ज्वारीही त्याच वर्षी १७०० वरून २४३० वर गेली. २०१९ ला मतदान झाले, तडस पुन्हा निवडून गेले. त्या हंगामात कापसाला वाढ मिळाली १०० रुपयांची.

दोन सरकारे, दोन पक्ष, दोन झेंडे. आणि रीत एकच. निवडणुकीच्या आदल्या खरिपात पोळा, दुसऱ्या दिवशी जू.

कर्जमाफीचेही तेच. २००८ ची माफी निवडणुकीच्या आदल्या वर्षीच आली. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत, त्यापुढे पाऊण कर्ज भरा तेव्हा पाव माफ. ओलिताचे पाच एकर आणि कोरडवाहू दहा एकर यांत सुखी कोण, हे दिल्लीला कोणी सांगितले नाही. २००६ च्या पंतप्रधानांच्या पॅकेजात वर्धा जिल्हा होता, म्हणजे इथल्या आत्महत्या दिल्लीला ठाऊक होत्या. तरीही दोन हेक्टरचे माप तेच.

आणि हमीभाव हे निम्मेच गाडे. निम्मे गाडे आयात-निर्यातीत आहे. २०१२ च्या मार्चमध्ये निर्यातीवर बंदी घातली. २०२२ ला बाजारात कापूस दहा हजारांवर गेला, तर एप्रिलमध्ये अकरा टक्के आयात शुल्क काढून टाकले. २०२५ च्या हंगामाला हमीभाव ८११० जाहीर झाला, आणि ऑगस्टमध्ये, आपला कापूस बोंडात असतानाच, तेच शुल्क पुन्हा काढले, ते डिसेंबर अखेरपर्यंत. एका हाताने वाढायचे, दुसऱ्या हाताने ताट ओढायचे. यातले एकही वर्ष लोकसभेच्या निवडणुकीचे नाही, हे लक्षात घ्या.

कोणी म्हणेल, मत काही कापसावर पडत नाही. जातीवर पडते, पैशावर पडते. पडत असेल. पण मग २००८ आणि २०१८ ला भाव का वाढला? आपले मत आपल्याला कळत नसेल, राज्यकर्त्यांना ते बरोबर कळते.

कोणी म्हणेल, खासदार तरी काय करणार? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तो पक्षादेशाने बांधला गेला. खरे आहे, मत देताना तो बांधलेला आहे. पण प्रश्न विचारायला कोणता पक्षादेश आडवा येतो? शुल्क काढले त्या दिवशी निषेधाचे पत्र लिहायला कोणाची परवानगी लागते?

चूक आपली एवढीच, की आपण हिशेब पाच वर्षांनी मागतो, आणि तोही माणूस बदलून. दावे तोडून वर्ध्याने धने बदलले, जू तेच राहिले. हिशेब दर खरिपाला मागितला पाहिजे. हमीभाव पेरणीच्या तोंडावर जाहीर होतो. त्याच महिन्यात ग्रामसभेत ठराव करा आणि खासदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, तीन प्रश्न लेखी विचारा : उत्पादन खर्चाचा हिशेब धरून तुम्ही किती भाव मागितला? आयात शुल्कावर आणि निर्यातबंदीवर सभागृहात काय बोललात? आमच्या तालुक्यात कापूस आणि ज्वारीची खरेदी केंद्रे कोणत्या तारखेला उघडणार? उत्तर आले तर ते चावडीवर लावा. नाही आले तर कोरा कागद लावा आणि खाली तारीख घाला.

पाच वर्षांचे पाच कागद भिंतीवर राहू द्या. मग प्रचाराची गाडी गावात शिरली की भाषणाआधी पाहुण्यांना त्या भिंतीपाशी नेऊन उभे करा.