बारा परीक्षकांची अट

एकट्याने मोबाइलचे खेळ रचू पाहणाऱ्या धानोऱ्यातील तरुणाला आधी माणसे जमवावी लागतील. गूगलचे वैयक्तिक विकासक-खाते २५ डॉलरांत मिळते. परंतु नोव्हेंबर २०२३ नंतर ते काढणाऱ्याने खेळ सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी सलग १४ दिवस १२ परीक्षकांकडून तो तपासून घेतला पाहिजे. (आरंभी ही संख्या २० होती!) पुण्यात ही अट क्षुल्लक, जंगलातील गावी, जेथे संपर्क मिळेलच असे नाही, तेथे ती जाचक ठरते. तथापि याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविले व २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकला. अशा सभेपुढे त्याने गोंडीतला एखादा खेळ न्यावा. मसराम गोंडी लिपीला २०१७ मध्येच युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे. बाकीच्या योजना तूर्त वहीतच राहिल्या तरी चालेल.