रंगाच्या आधी

आमच्याकडे खानदेशात ॲल्युमिनियमच्या पातेल्याला अजूनही 'जर्मनचं पातेलं' म्हणतात. काळं पडलं की चिंच लावायची, काथ्याने नाहीतर तारेच्या घासणीने खसाखसा घासायचं, की झालं चकचकीत. त्यामुळे विमानही याच धातूचं असतं म्हटलं, की असोद्यातल्या कुठल्याही घरात एकच उत्तर मिळेल. घासा आणि रंग मारा, त्यात काय एवढं?

या 'त्यात काय एवढं' बद्दलच आज लिहायचं आहे.

निमित्त मिग-21 चं. 1963 मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला निवृत्त झालं. एच.ए.एल.ने आपल्या देशात सहाशेहून जास्त मिग-21 बनवली आणि त्या कामात नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्याचा मोठा वाटा होता. म्हणजे विमान रशियन असलं तरी ते आपल्या शेजारचंच. निवृत्त झालेल्या विमानांपैकी काही चौकात, कॉलेजच्या आवारात किंवा एखाद्या संग्रहालयात उभी राहतात. उद्घाटनाच्या दिवशी सगळं झकास दिसतं. चार-पाच पावसाळ्यांनी रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात, आणि मग कुणीतरी बादलीभर ऑइलपेंट आणून वरून आणखी एक हात मारतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा वरचा हात म्हणजे देखभाल नव्हे. देखभाल असते ती रंगाच्या आधी.

माझे एक मामा विमानांच्या रंगकामातून निवृत्त झाले. त्यांचं आपल्या बोलीतलं एक वाक्य मला पाठ आहे, "रंग त कोनीबी देते भो, पहिले पत्रा पाहाले शिक." पत्रा बघायला शिक, म्हणजे नेमकं काय?

आधी पत्राच समजून घेऊ. शुद्ध ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण म्हणतो, कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूला जपतो. पण शुद्ध ॲल्युमिनियम विमानासाठी फार मऊ. 1906 साली आल्फ्रेड विल्म या जर्मन संशोधकाला तांबं घातलेलं ॲल्युमिनियम काही दिवस ठेवलं की आपोआप कडक होतं असं आढळलं, आणि त्यातून ड्युरॅल्युमिन आलं. (जर्मनचं पातेलं इथे पुन्हा भेटतं!) साधारण चार टक्के तांब्याने ताकद आली खरी, पण गंजही आला. त्यावर तोड म्हणून या मिश्रधातूच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचं पातळ अस्तर चढवतात. पत्र्याच्या जाडीच्या जेमतेम काही टक्के.

आता घरच्या भांड्याचं शहाणपण विमानाला लावा. जुना रंग निघत नाही म्हणून ग्राइंडर किंवा जाड सॅंडपेपर फिरवला की रंगाबरोबर हे अस्तरही गेलं. तारेच्या ब्रशने घासलं तर लोखंडाचे बारीक कण पत्र्यात रुततात, आणि ओल मिळाली की त्या प्रत्येक कणाभोवती गंज सुरू होतो. वरून पाहणाऱ्याला मात्र विमान लख्ख दिसतं.

योग्य पद्धत कंटाळवाणी आहे. आधी तेल, ग्रीस, धूळ धुऊन काढायची. कॅनॉपीची काच म्हणजे खरं तर ॲक्रिलिक, रंग काढायच्या द्रावणाने ती खराब होते, म्हणून ती नीट झाकायची. टायर आणि सांधेही झाकायचे. मग दाट द्रावण लावून थांबायचं. रंगाला सुरकुत्या पडल्या की प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने तो उचलायचा. जळगावच्या मे महिन्यात हे काम भल्या सकाळीच करावं लागेल, नाहीतर द्रावण रंगात मुरायच्या आधीच वाळून जाईल. त्यानंतर पांढरी भुकटी दिसेल तिथला गंज नायलॉनच्या पॅडने काढायचा, सौम्य फॉस्फोरिक आम्लाने पत्रा स्वच्छ करायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचा.

या टप्प्यावरची परीक्षा मला फार आवडते. पत्र्यावर पाणी सोडायचं आणि नुसतं बघायचं. पाण्याचा सलग पडदा राहिला तर पत्रा स्वच्छ. कुठे पडदा फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. ना यंत्र, ना सर्टिफिकेट. पाणी खोटं बोलत नाही. मग पत्र्याला रसायनाचा संरक्षक थर द्यायचा, त्यावर वेळ न घालवता प्रायमर, आणि सगळ्यात शेवटी रंग.

कुणी म्हणेल, चौकातलं विमान उडणार थोडंच आहे? एवढा सोपस्कार कशाला? मला उलट वाटतं. उडणाऱ्या विमानाची ठरावीक दिवसांनी सक्तीने तपासणी होते. चौकातल्या विमानाकडे लोक फक्त सेल्फीसाठी बघतात. त्याच्या पोटातली पाणी निथळायची भोकं रंगाने बुजली की पंखात पाणी साचतं, पक्षी घरटी करतात, आणि ते आतून कुजत जातं. गोव्यात बोगमाळोजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय 1998 मध्ये सुरू झालं. तिथली जुनी विमानं, त्यात एक अजस्र सुपर कॉन्स्टलेशनही आहे, समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभी आहेत. अशा जागी नुसता वरचा रंग किती पुरणार?

आणि उडणाऱ्या विमानांच्या बाबतीत तर रंगाआधीचं काम जिवावर बेतू शकतं. 2000 नंतरच्या दशकात काही बोइंग 737 विमानांच्या पत्र्यावर जोडांच्या कडेने बारीक ओरखडे सापडले. रंगाआधी जुना रंग आणि सीलंट धारदार हत्याराने खरवडल्याच्या त्या खुणा होत्या. उड्डाणागणिक विमान हवेच्या दाबाने फुगतं, आकसतं, आणि अशा ओरखड्याची पुढे भेग होऊ शकते. पेरूमधली गोष्ट त्याहून भयंकर. 2 ऑक्टोबर 1996 ला एरोपेरूचं बोइंग 757 लिमाजवळ समुद्रात कोसळलं आणि सत्तरच्या सत्तर माणसं गेली. विमान धुऊन पॉलिश करताना हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. अंधारात वैमानिकांना उंची कळेना, वेग कळेना. तयारीत काय झाकलं याची यादी ठेवणं हीसुद्धा तयारीच.

आणखी एक बाजू आहे आणि ती मला पटते. जुना रंग हाही इतिहास असतो. स्क्वाड्रनचं चिन्ह, पॅनेलवरच्या बारीक सूचना, कुणा मेकॅनिकने लिहिलेला आकडा, हे सगळं द्रावणाखाली पाच मिनिटांत नाहीसं होतं. म्हणून आधी फोटो काढा, मापं घ्या, खुणा ट्रेस करून ठेवा. आणि रंग घट्ट बसलेला असेल तर कदाचित नुसतं धुणं पुरे. काय काढायचं याइतकंच काय ठेवायचं हे ठरवणं म्हणजे पत्रा बघणं, असा मामांच्या वाक्याचा अर्थ मी लावतो. आपल्या जुन्या देवळांच्या दगडाला ऑइलपेंट फासणाऱ्यांनाही तो लागू आहेच, पण असो.

शेवटचा मुद्दा माणसांचा. रंग काढायच्या द्रावणात वर्षानुवर्षं मेथिलीन क्लोराइड असायचं. बंद जागेत त्याच्या वाफा जीवघेण्या ठरतात, म्हणून अमेरिकेने 2019 साली घरगुती रंग काढण्यासाठी त्याच्या विक्रीवर बंदी घातली. जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं, त्याची धूळ छातीत गेली तर कॅन्सरचा धोका. आपल्याकडे असलं काम रोजंदारीवरचा मुलगा तोंडाला रुमाल बांधून करतो. रुमाल वाफ अडवत नाही. मास्क, हातमोजे, मोकळी हवा यांचा खर्च अंदाजपत्रकात आधी यायला हवा, पाटीचा आणि मांडवाचा नंतर.

उद्या जळगाव-धुळ्यात कुणी असं विमान आणून उभं करायचं म्हटलं तर मला आनंदच होईल. गावातल्या पोरांनी ते हात लावून बघावं. फक्त आणणाऱ्यांना एक प्रश्न विचारा. रंगाला किती पैसे ठेवलेत हे नको, रंगाच्या आधी किती दिवस ठेवलेत ते विचारा. उत्तर 'त्यात काय एवढं' असं आलं, तर ते विमान आहे तिथेच बरं आहे.