कोरडी धावपट्टी चुका झाकते

हिमावर उतरताना एखादे लहान विमान घसरले, उलटले, त्याचा पंखा वाकला, माणसे मात्र बचावली. अशी हकिकत औंढा नागनाथच्या शाळेत बसून कशासाठी वाचावयाची? आपल्या भागात पांढरे शेत दिसते ते फक्त गारपिटीनंतर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तुमच्या घरातील मोठ्यांना चांगली आठवत असेल. पण त्या गारांवर कोणी विमान उतरवले नाही. तरीसुद्धा, विद्यार्थी मित्रांनो, हिमावरच्या या अपघातांत आपल्या उपयोगाचे पुष्कळ काही आहे आणि ते आपण शाळेत शिकत नाही अशी माझी तक्रार आहे.

प्रथम शब्दांचा थोडा उलगडा करू. मराठीत आपण सरसकट ‘बर्फ’ म्हणतो. परंतु आकाशातून भुरभुरत पडते ते हिम, आणि पाणी गोठून घट्ट होते तो बर्फ. वैमानिकाच्या दृष्टीने या दोहोंत फार अंतर आहे. खोल, भुसभुशीत हिमात चाके रुतली तर ती एकदम अडतात, शेपटी वर उचलली जाते आणि विमान नाकावर उलटते. गुळगुळीत बर्फावर याच्या नेमके उलट होते. चाके अडतच नाहीत. म्हणून हिमाच्या प्रदेशातील लहान विमानांना चाकांऐवजी स्की म्हणजे लांबट पट्ट्या लावतात. त्या हिमात बुडत नाहीत, पण त्यांना ब्रेकही नसतो. शिवाय विमान थांबले की घर्षणाच्या उष्णतेने वितळलेले हिम पुन्हा गोठते आणि स्की जागच्या जागी चिकटून बसतात!

दुसरी अडचण डोळ्यांची. ढगाळ दिवशी सगळीकडे सारखाच पांढरा उजेड असतो, सावल्या पडत नाहीत. खाली जमीन किती दूर आहे, हे आपला डोळा सावल्यांवरून आणि झाडे, दगड, घरे अशा ओळखीच्या वस्तूंच्या आकारावरून ठरवतो. त्या नसल्या म्हणजे दहा मीटर उंची आणि एक मीटर उंची यांतला फरक कळेनासा होतो. म्हणून अनुभवी वैमानिक आधी एक घिरटी घालून झाडाची डहाळी किंवा दुसरी एखादी गडद वस्तू खाली टाकतात आणि तिच्या आधाराने उतरतात. युक्ती किती साधी! पण साध्या युक्त्यासुद्धा कोणाच्या तरी अपघातानंतरच सुचलेल्या असतात.

१९ नोव्हेंबर १९४६ रोजी अमेरिकी लष्कराचे एक डाकोटा जातीचे विमान ढगांत वाट चुकून स्वित्झर्लंडमधील गाउली हिमनदीवर आदळले. विमानात १२ माणसे होती आणि सर्वच्या सर्व वाचली. हिमाने विमान थांबवले, पण एकदम नव्हे, घसरत घसरत. भिंतीवर आदळणे आणि गवताच्या गंजीत पडणे यांत जो फरक, तोच येथे. पाच दिवसांनी स्विस वैमानिकांनी स्की लावलेली दोन लहान स्टॉर्श विमाने त्या हिमनदीवर उतरवली आणि फेऱ्या मारून सर्वांना खाली आणले. हिमनदीवर विमान उतरवून माणसे सोडवता येतात हे त्या वेळी जगाला दिसले. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावसेवा उभी राहिली, तिच्या इतिहासात गाउलीचे नाव आवर्जून घेतले जाते.

आता जरा गणित करू. उतरलेले वाहन फक्त घर्षणाने थांबत असेल तर लागणारे अंतर = वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × गुरुत्वत्वरण). लहान विमान ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने टेकले असे धरा. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० घ्या. कोरड्या पट्टीवर घर्षणांक ०.५ मानला तर विमान ६२.५ मीटरमध्ये थांबेल. बर्फावर घर्षणांक ०.१ मानला तर ३१२.५ मीटर लागतील. पाचपट! हे तर अपेक्षितच होते.

परंतु पुढची पायरी करून पाहा. समजा वैमानिकाची थोडीशी चूक झाली, किंवा मागून वारा आला, आणि वेग सेकंदाला २५ ऐवजी २७.५ मीटर झाला. कोरड्या पट्टीवर आता सुमारे ७५.६ मीटर लागतील, म्हणजे फक्त १३ मीटर जास्त. कोणाच्या लक्षातही येणार नाही. बर्फावर मात्र ३७८ मीटर लागतील, म्हणजे जवळजवळ ६६ मीटर जास्त. चूक तीच, तेवढीच. एका ठिकाणी ती खपून गेली आणि दुसऱ्या ठिकाणी तिने विमान पट्टीबाहेर नेले. तेव्हा ती चूक त्या दिवशीच जन्माला आली असे समजू नका. कदाचित तो वैमानिक कित्येक दिवस तसाच किंचित जास्त वेगाने उतरत असेल. कोरडी धावपट्टी ते झाकत होती.

तुमच्या परिसरात याचे उदाहरण दर जूनमध्ये पाहावयास मिळते. उन्हाळाभर एकाच वळणावरून एकाच वेगाने फटफटी जाते. मग पहिला पाऊस पडतो, ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि त्याच वळणावर, त्याच वेगाने गाडी आडवी होते. माणसे म्हणतात, पावसाने घात केला. पण तो वेग उन्हाळ्यातही फार सुरक्षित नव्हता. फक्त त्याची शिक्षा मिळत नव्हती.

८ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेत शिकागोच्या मिडवे विमानतळावर हिमवृष्टी चालू असताना एक बोइंग ७३७ विमान पट्टीच्या टोकाशी थांबू शकले नाही. ते कुंपण तोडून रस्त्यावर आले आणि एका मोटारीवर आदळून सहा वर्षांचा मुलगा ठार झाला. विमान लहान नव्हे, पण प्रश्न तोच. चौकशीत काय निघाले? वारा मागून होता. इंजिनाचा झोत उलटा फिरवून वेग कमी करण्याची जी सोय असते, ती वैमानिकांनी टेकल्यानंतर सुमारे १८ सेकंदांनी वापरली. कारण स्वयंचलित ब्रेक त्यांना नवे होते आणि त्यांचे लक्ष तिकडे गुंतले होते. पट्टी किती निसरडी आहे याविषयी आधी उतरलेल्या वैमानिकांचे निरोपही सारखे नव्हते. कोणी ‘बरी’ म्हणे, कोणी ‘वाईट’. एकाचे ‘बरी’ आणि दुसऱ्याचे ‘बरी’ एकच असते काय? परीक्षेचा पेपर ‘बरा गेला’ असे सांगणारे दोन विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे उत्तर मिळेल.

या अपघातानंतर ‘बरी-वाईट’च्या जागी अंक आणण्याचे काम सुरू झाले आणि ४ नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ती पद्धत जगभर लागू केली. धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ६ असा अंक देतात. कोरडी पट्टी ६, ओली ५, बर्फ १, आणि पाण्याने ओला झालेला बर्फ ०. या कोष्टकातील एक ओळ मला मोठी बोलकी वाटते. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त साचलेल्या कोरड्या हिमाला अंक आहे ३. आणि ३ मिलिमीटरपेक्षा जास्त साचलेल्या साध्या पावसाच्या पाण्याला अंक आहे २. म्हणजे आपल्या ओळखीचे पावसाचे पाणी कोरड्या हिमापेक्षाही घातक! वेगात असलेल्या चाकाखालून पाणी पुरेसे लवकर बाजूला सरत नाही. चाक पाण्याच्या थरावर चढते आणि जमिनीला शिवतच नाही. मग ब्रेक दाबा नाहीतर दाबू नका.

तेव्हा हिमाचा धडा महाराष्ट्राचाही आहे. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले एक लहान लियरजेट विमान मुसळधार पावसात मुंबईच्या धावपट्टीवरून घसरून बाहेर गेले. आतील आठही जण वाचले. ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळात कोझिकोडला मात्र दैव इतके उदार नव्हते. पावसात, मागच्या वाऱ्यात उतरलेले बोइंग विमान पट्टीच्या पलीकडे खाली कोसळले आणि २१ जणांचे प्राण गेले. त्यांत विमानाचे प्रमुख, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले आणि वायुदलात नावाजलेले वैमानिक दीपक साठे होते.

त्या अपघाताचा अहवाल शिक्षकांनी जरूर पाहावा. संभाव्य कारण म्हणून त्यात लिहिले आहे की, ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही. विमान पट्टीच्या निम्म्यावर टेकले आणि सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्याची सूचना देऊनही उतरणे चालू राहिले. बहुतेक माणसे एवढे वाचून अहवाल मिटतात. तुम्ही मिटू नका. पुढच्या पानांवर काचेवरचा वायपर नीट चालला नाही हे आहे. दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी प्रमुख वैमानिक कमी होते, त्यामुळे तेथेच उतरण्याचा ताण कसा आला असावा हे आहे. ज्येष्ठापुढे कनिष्ठाचे बोलणे का थिटे पडते हेही आहे. एका माणसाच्या एका निर्णयामागे किती हात असतात ते तेथे दिसते.

१९७९ मध्ये अंटार्क्टिकावर एअर न्यूझीलंडचे विमान एरेबस पर्वतावर आदळून २५७ माणसे मेली, तेव्हा पहिल्या अहवालाने वैमानिकांना दोष दिला. नंतरच्या न्यायालयीन चौकशीत दिसून आले की, विमानाचा मार्ग संगणकात बदलला गेला होता आणि ते वैमानिकांना कोणी सांगितलेच नव्हते. पांढऱ्या उजेडात समोरचा पांढरा पर्वत त्यांना दिसला नाही. पहिल्या अहवालावर सारे थांबले असते, तर पुढच्या वैमानिकाला काय कळले असते?

कोणी म्हणेल, अशाने दोषी माणसे सुटतील. तसे होण्याचे कारण नाही. शिक्षा देण्यासाठी न्यायालये आहेत. विमान अपघाताच्या चौकशीचा हेतू, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आणि आपल्या देशाच्या २०१७ च्या नियमांनुसारही, फक्त पुढचा अपघात टाळणे एवढाच असतो. दोन कामे एकत्र केली की माणसे खरे सांगत नाहीत. आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघाताचा पंचनामा होतो, चूक कोणाची ते ठरते, आणि ते वळण पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत तसेच राहते.

आणि शाळेत? येथे मला शिक्षकांशी थोडे भांडावयाचे आहे. घर्षणाच्या प्रयोगात ठोकळ्यावर वजने वाढवत जायचे आणि आलेख काढायचा. आलेख सरळ रेषेत यावा लागतो हे पुस्तकात आधीच छापलेले असते, म्हणून विद्यार्थी रेषा आधी काढतो आणि वाचने नंतर लिहितो! रेषेबाहेर पडलेला बिंदू खोडरबराने जातो, कारण त्याचे गुण कापले जातात. तो बिंदू म्हणजेच लहानसा अपघात होता. कदाचित फळीला ओल लागली होती, कदाचित कप्पी अडखळत होती. शोधण्याजोगे जे काही होते, ते पुसले गेले.

औंढ्याजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हावयाची आहे. तिच्यासाठी २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेत हॅनफर्डला अशीच वेधशाळा आहे. तेथे २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदींमध्ये विचित्र ठोके दिसू लागले. त्यांचा माग काढता काढता शास्त्रज्ञ बाहेर आले, तर द्रव नायट्रोजनच्या नळीवर जमलेला बर्फ तहानलेले डोमकावळे चोचीने टोचत होते! ठोके ‘चुकीचे’ म्हणून खोडून टाकले असते तर कावळे सापडले नसते. उद्या दुधाळ्याला काम करणारी मुले कदाचित आज तुमच्याच वर्गात आहेत, आणि आपण त्यांना बिंदू खोडावयास शिकवत आहोत.

तेव्हा शिक्षकांनी एवढे करून पाहावे. एक फळी घ्या. तिच्यावर वजन ठेवलेली डबी ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. डबी घसरू लागेल तेव्हाची टोकाची उंची भागिले तळाची लांबी, हा घर्षणांक. हेच ओल्या फळीवर, काळ्या मातीचा पातळ लेप दिलेल्या फळीवर आणि ताटात गोठवलेल्या बर्फावर करा. बर्फाचे वाचन लगेच एकदा घ्या आणि तो वितळू लागल्यावर पुन्हा घ्या. वाचने शाईनेच लिहावीत आणि वहीत शेवटी एक रिकामा रकाना ठेवावा: ‘हे असे का आले असेल?’ पहिले वर्ष फक्त त्या रकान्याचे गुण द्या.